फुग्याच्या झाडाची खिरापत

"वाजव न व कुंदे, किती वेळ धरून बसशीन?" पमी म्हणाली.

मी डबा कानाजवळ नेला आणि दोन्ही हातांनी हलवला. आत खुळखुळ झाली. पमीनं डोळे मिटले, मान वाकडी केली आणि ऐकलं. खिरापत ओळखण्यात आमच्या आळीत तिचा हात कुणी धरत नव्हतं. बाकीच्या सात पोरी ओसरीवर श्वास रोखून बसल्या होत्या. पमीची धाकटी बहीण छबी, सहा वर्षांची, दोन्ही हात गालांना लावून माझ्याकडं बघत होती.

"फुटाणे नाहीत," पमी म्हणाली.

एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी मी तीन आठवडे झुरले होते.

आमच्याकडं वऱ्हाडात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर घरोघर मातीची भुलाबाई बसते. रोज संध्याकाळी आम्ही पोरी घरोघर जायचो, भुलाबाईसमोर गोल धरून टिपऱ्या खेळायचो, गाणी म्हणायचो. गाणी संपली की त्या घरची पोर झाकलेला डबा आणून वाजवून दाखवायची. आत काय खाऊ आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखलं की वाटून खायचं. नाहीच ओळखलं तर त्या घराची मान ताठ, दुसऱ्या दिवशी शाळेतसुद्धा तेच बोलणं. एकीकडं हायब्रीड ज्वारी कणसावर आलेली, पाऊस गेलेला, दुपारी ऊन चटके द्यायचं आणि संध्याकाळी अंगावर जरा गार वारा यायचा. वर्षातले आमचे ते सगळ्यात चांगले दिवस.

आणि त्या चांगल्या दिवसांत मी रोज मान खाली घालून बसायची, कारण आमच्या घरची खिरापत ठरलेली. फुटाणे. वडील यवतमाळला नोकरीला, महिन्यातून एकदा येणार. आई एकटी घर ओढणारी, हात आखडता. कधी फुटाण्यांत साखर, कधी गुळाचा खडा, पण फुटाणेच. डबा वाजायच्या आधीच पमी म्हणायची, "कुंदीच्या घरी ओळखायचं काय व, फुटाणे!" आणि सगळ्या फिदीफिदी हसायच्या. चौदा वर्षांच्या पोरीला ते किती लागतं हे चौदा वर्षांच्या पोरीलाच विचारा.

"शेंगदाणे?" पमीनं विचारलं.

"नाई."

"काजू? पण तुह्या घरी काजू कुठले!"

"नाई म्हटलं न."

"मग चारोळी. खारकेचे तुकडे. भिजवून वाळवलेली चणाडाळ." ती भराभर बोलत सुटली. इतर पोरींनीही तोंडं उघडली. बत्तासे, चिंचोके, भोपळ्याच्या बिया, मुरमुरे, मक्याचे दाणे. मी नाई नाई म्हणत राहिले. अंगात नुसतं वारं भरलं होतं. शेवटी पमीनं हात टेकले.

"हरलो बाप्पा. सांग."

मी झाकण काढलं. पांढरे, लांबट, गुळात घोळलेले दाणे. घरभर खमंग वास.

"काश्मीरचे बदाम," मी म्हणाले. "मामानं आणले."

काश्मीरचेही नव्हते आणि मामानंही आणले नव्हते. ते फुग्याच्या झाडाचे होते.

कोंडवाड्याच्या कुंपणाला ती झाडं ओळीनं लावलेली. त्याचं खरं नाव आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आम्ही त्याला फुग्याचं झाड म्हणायचो. पानाचा देठ मोडून वाकवला की त्यात चिकाचा पातळ पडदा धरतो. हळूच फुंकर मारली की त्यातून रंगीत फुगे सुटतात. शाळेतून येताना सगळं लहानपण आम्ही त्या झाडांखाली घालवलेलं. ज्या झाडानं इतकी वर्षं खेळवलं ते वाईट असेल असं मनात तरी कसं येणार? पाऊस संपला की त्याला पिवळी फळं धरायची, वाळून काळी व्हायची. एक फोडून बघितलं तर आत काळ्या टरफलाच्या तीन बिया. टरफल काढलं तर पांढराशुभ्र गर. मी दोन खाऊन बघितल्या होत्या. चवीला थेट शेंगदाण्यासारख्या, किंबहुना गोडच. नंतर घशात जरा जळजळलं, ते मी सकाळच्या मिरचीच्या ठेच्यावर ढकललं.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. आई दळण घेऊन गिरणीत गेली तेवढ्यात मी ओटीभर बिया सोलल्या, तव्यावर परतल्या, गुळात घोळल्या. आईनं भरून ठेवलेले फुटाणे मडक्यामागं लपवले आणि डब्यात हे भरलं.

"किती गोड आहेत व!" पोरी म्हणाल्या. मूठ मूठ वाटली. सगळ्यांनी चाटून पुसून खाल्ली. मी वाटणारी, वाटता वाटता स्वतः खायचंच राहिलं आणि मला त्याचं दुःखही नव्हतं. पमीनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "कुंदे, आज जिंकली तू." तळाशी उरलेलं मी वहीच्या कागदात बांधलं आणि छबीच्या फ्रॉकच्या खिशात घातलं. ती पोर मला फार आवडायची. माझ्या मागं मागं कुंदाताई, कुंदाताई करत फिरायची.

आमच्या घराआधी त्या दिवशी आम्ही कंडक्टरवहिनींकडं गेलो होतो. वहिनी म्हणजे एसटीच्या कंडक्टरची बायको, नगरकडची, लग्नाला चार महिनेही झालेले नसतील. आमच्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी. नवरा मुक्कामी गाडीवर, एक दिवसाआड घरी. तिच्या माहेरी भुलाबाई नव्हती. आम्ही दारावरून जाताना ती खिडकीत उभी राहायची आणि एक दिवस तिनंच हाक मारली, "बायांनो, माझ्याकडं याल का गं एक दिवस?" शनिवारी चार वाजता गेलो. तिनं अंगण सारवून ठेवलेलं. आमच्याबरोबर टिपऱ्या घेऊन फेर धरला, चुकली, हसली, पुन्हा धरला. शेजारची म्हैस नुकतीच व्यालेली, तिच्या दुधाचा तिनं वेलची घालून खरवस केलेला. डबा हलवला की आत नुसतं थबथब व्हायचं. पमीनं चौथ्या फटक्याला ओळखलं. सगळ्यांनी खाल्ला. मी सोडून. मला दुधाचं काहीच चालत नाही, वासानंच मळमळतं.

"तुझ्यासाठी पुढच्या वेळी वेगळं करीन हं," वहिनी म्हणाल्या. "काय आवडतं तुला?"

"काहीही," मी म्हणाले. "फुटाणे सोडून."

त्या खळखळून हसल्या.

आमच्या घरून पोरी साडेपाचला गेल्या. मी डबा घासत होते तेव्हा समोरच्या घरातून कुणीतरी ओकल्याचा आवाज आला. मग पोरीच्या आईची हाक. मग आणखी एका घरातून. दिवे लागायच्या वेळेला आळीत पळापळ सुरू झाली. "पोरगी पोट धरून लोळते व!" "इकडं हिलेही!" कुणी खांद्यावर, कुणी सायकलच्या दांडीवर, कुणी बैलगाडीत घालून आठही पोरी सरकारी दवाखान्यात नेल्या. पमीला तिच्या बाबांनी, वानखडे हवालदारांनी, दोन्ही हातांवर उचलून नेलं. छबी मागून चालत होती. मध्येच ती रस्त्याच्या कडेला वाकली आणि ओकली.

हातातला डबा मोरीत पडला, तो उचलायचंही सुचेना. मला कळलं होतं. कुणी सांगायला नको होतं. घशातली ती जळजळ आठवली.

आई मला घेऊनच दवाखान्यात गेली. एकाच लांब खोलीत पोरी ओळीनं, दोन खाटांवर तीन तीन आणि दोघी खाली चटईवर. आंबूस वास. सलाईनच्या बाटल्या लावायला खिळे पुरेनात म्हणून कंपाउंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधत होता. तरुण डॉक्टर, घामानं भिजलेला, एकेकीला विचारत होता, "काय खाल्लं दुपारपासून?"

"खरवस," पमी म्हणाली. "कंडक्टरवहिनीच्या घरी."

"आणखी?"

"कुंदीच्या घरी बदाम. काश्मीरचे."

बदामानं कुणाला काय होतं? डॉक्टरनं मान हलवली आणि कागदावर खरवस लिहिलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. आता सांग, आता सांग, असं आतून कुणी ढकलत होतं आणि जीभ टाळ्याला चिकटलेली. समोर खाकी कपड्यांतले वानखडे हवालदार. आमच्या शाळेसमोरून ते हातकडी घातलेल्या माणसांना नेताना मी किती वेळा बघितलं होतं. आठ पोरींना विष घातलं तर किती वर्षांची सजा होत असेल, याचा मी तिथं उभ्या उभ्या विचार करत होते. आठ गुणिले किती?

आई मात्र पमीचं ऐकून थबकली होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"बदाम?" ती हळूच म्हणाली. "म्या तं फुटाणे भरले होते."

तिनं माझं मनगट धरलं, ओढत मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी नेलं.

"काय भरलं होतं डब्यात?"

"फुग्याच्या झाडाच्या बिया."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या आईला मी तोवर घाबरलेली बघितलं नव्हतं. साप निघाला तरी ती काठी घेऊन पुढं व्हायची.

"कोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाही."

"मंग सांगायचंही नाही. चकार शब्द काढायचा नाही तोंडातून. ऐकलं? हवालदाराच्या दोन पोरी आहेत आत. बाप गावात नाही. तुले काय करतीन, मले काय करतीन, कोण उभं राहीन आपल्यासाठी?" ती पदराचं टोक पिळत म्हणाली, "बऱ्या होतीन पोरी. सलाईन लावलं आहे. बऱ्या होतीन."

आम्ही परत आत आलो तेव्हा बायकांचं ठरूनही गेलं होतं. खरवस. नासलेलं दूध. नाहीतर आणखी काही. परगावची बाई, कोण कुठली, एवढ्या प्रेमानं पोरी बोलावल्याच कशाला? आणि मग समोरच्या काकू माझ्याकडं वळल्या.

"कुंदीले बरं काही झालं नाही?"

मला उत्तर द्यावंच लागलं नाही. पमी खाटेवरून म्हणाली, "तिनं खरवस नाही खाल्ला. तिले दूध चालत नाही."

झालं. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? आठ जणींनी खाल्ला, आठ पडल्या. एकीनं नाही खाल्ला, ती धडधाकट उभी. सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या आणि मी मान डोलावली. हो, नाही खाल्ला. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पण ती मान हलवल्याचं आजही आठवलं की अंगावर शहारा येतो.

तेवढ्यात वहिनी आल्या. कुणीतरी बोलावलं असेल किंवा ऐकून आपणच आल्या असतील. हातात पितळी भांडं. धावत आल्यानं केस सुटलेले.

"कशा आहेत पोरी? काय झालं हो?"

"तुमालेच माहीत," समोरच्या काकू म्हणाल्या.

वहिनींनी सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघितलं. मग त्यांना समजलं. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात खाली बसल्या, भांड्यावरची ताटली काढली. आत उरलेला खरवस होता, चांगलं अर्धं भांडं.

"हा बघा. ह्यातलाच दिला होता," त्या म्हणाल्या आणि खायला लागल्या. हातानंच. एक घास, दुसरा घास. कुणी नको म्हटलं नाही, कुणी थांबवलं नाही. रडू फुटत होतं, घास गळ्याखाली उतरत नव्हता, तरी त्या कोंबत होत्या. "सकाळी बघा मला काही होतं का. इथंच बसते. बघा."

हवालदारांनी तळाशी राहिलेला थोडासा खरवस एका बाटलीत घेतला आणि खिशात ठेवला. "उद्या ठाण्यात या," एवढंच म्हणाले.

मी खांबाआड उभी. एक शब्द बोलले असते तर ते सगळं तिथं थांबलं असतं. पण भीतीनं माझ्या तोंडाला कुलूप घातलं होतं. आणि खरं सांगू? त्या घास घेत होत्या तेव्हा माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात हायसं वाटलं होतं. मी नाही, ती. ठाण्यात ती जाणार.

रात्रभर मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडले होते. आईही जागी होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या.

सकाळी आई चहाची किटली घेऊन निघाली. माणसात दिसायला पाहिजे, म्हणाली, नाहीतर लोकांच्या डोळ्यावर येतं. मीही गेले. व्हरांड्यात वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, रिकामं भांडं मांडीवर. त्यांना काही झालं नव्हतं. पण त्यानं काय फरक पडणार होता? "रातच्याला बोटं घालून ओकली असन," असं माझ्यासमोर एक बाई दुसरीला म्हणाली.

आत पोरी बऱ्या होत्या. उठून बसलेल्या. दोघींना घरीही सोडलं होतं. पमीनं मला बघून मलूलसं हसून दाखवलं. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. आई म्हणाली तेच खरं, बऱ्या झाल्या. आता कुणाला सांगायची गरजच काय?

"आणि छबी?" मी विचारलं.

पमीचं हसू मावळलं. तिनं कोपऱ्यातल्या खाटेकडं बोट दाखवलं.

छबी ओळखू येईना. डोळे खोल गेलेले, ओठ सुकून पांढरे पडलेले. डॉक्टर तिची नाडी धरून बसला होता आणि हवालदारांशी बोलत होता. "सगळ्या पोरींच्या उलट्या पहाटेपर्यंत थांबल्या. हिच्या का थांबत नाहीत तेच कळत नाही. सलाईन आत जातंय आणि ही बाहेर टाकतेय. अकोल्याला न्यावं लागेल. नेमकं पोटात काय गेलंय ते कळलं तर तिथल्या डॉक्टरांना सांगता तरी येईल." हवालदारांचा हात टोपीवर होता, ती सारखी डोक्यावरून काढत होते आणि पुन्हा ठेवत होते. ते जीप मिळते का बघायला धावत बाहेर गेले. डॉक्टर चिठ्ठी लिहायला टेबलाकडं गेला.

मी छबीजवळ बसले. तिनं डोळे उघडले.

"कुंदाताई."

"काय ग?"

"जवळ ये." मी कान तिच्या तोंडाशी नेला. तिच्या श्वासाला आंबूस वास येत होता. "पमीताईले नको सांगशीन. तिले पाह्यजेत म्हणून मागते ती. दोनच राह्यले."

"काय राह्यलं?"

तिनं उशीखाली हात घातला आणि वहीच्या कागदाची पुडी काढली. माझ्याच वहीचा कागद, वर माझ्याच अक्षरात गणित. "औषध लय कडू आहे व," छबी म्हणाली. "म्हणून त्याच्यावर एक-एक खाते."

रात्रभर ती पोर ओकत होती आणि प्रत्येक औषधावर एक बी चघळत होती. मी दिलेली. मी अंथरुणात मला किती सजा होईल हे मोजत होते तेव्हा.

पुडी मी मुठीत घेतली. पाठीमागं आई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आण इकडं ते," ती म्हणाली. अगदी हळू. "आता नाही खाणार ती. आता होईन बरी. आण."

आईचा हात पुढं होता. खरं होतं तिचं. पुडी आईच्या पदराखाली गेली असती, छबीच्या पोटात आणखी काही गेलं नसतं, ती कदाचित बरी झाली असती आणि जगात कुणाला कधी कळलं नसतं. मी आईच्या हाताकडं बघितलं. मग छबीकडं. तिनं डोळे मिटले होते आणि मी कितीदा हाक मारली तरी ते उघडेनात.

"छबे! ए छबे!"

मी उठले. आईनं दंड धरला, मी हिसडा दिला. टेबलापाशी गेले आणि पुडी डॉक्टरच्या चिठ्ठीवर ठेवली.

"हे खाल्लं तिनं. रात्रभर. सगळ्यांनी हेच खाल्लं. मी दिलं."

डॉक्टरनं कागद उलगडला. "काय आहे हे?"

"बदाम नाही. फुग्याच्या झाडाच्या बिया."

"कसलं झाड?"

मला नाव येईना. कुणालाच येईना. मी बाहेर पळाले. व्हरांड्यातून, वहिनींना ओलांडून, अनवाणी कोंडवाड्यापर्यंत. कुंपणाची एक फांदी पानाफळांसकट ओढली, मोडेना, दातांनी साल तोडली आणि तशीच घेऊन परत पळाले. हातभर चीक ओघळलेला. जीप दवाखान्यासमोर येऊन उभी होती.

डॉक्टरनं फांदी बघितली मात्र. "मोगली एरंड!" तो ओरडला. "अरे देवा. कंपाउंडर, छबी वानखडेच्या चिठ्ठीवर लिहा, मोगली एरंड, काल संध्याकाळपासून सकाळपर्यंत. किती बिया होत्या पोरी? अंदाजानं सांग!"

"मूठभर," मी म्हणाले. "माझी मूठ."

हवालदारांनी छबीला उचललं. माझ्या समोरून जाताना ते थांबले. मी दोन्ही हात पुढं केले. मनगटं जुळवून. मला खरंच वाटलं होतं की ते हातकडी घालतील. ते माझ्या चिकट हातांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "घरी जा, पोरी," आणि जीपमध्ये बसले. ओरडले असते, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

छबी वाचली. सहा दिवस अकोल्याला होती, सातव्या दिवशी हवालदारांच्या खांद्यावर बसून आली. तिथल्या डॉक्टरांना काय ते आधीच कळलं म्हणून बरं झालं, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. पमी माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही, मग बोलली. पोरींच्या आया आईला चार दिवस टोचून बोलल्या, मग त्याही थांबल्या. आईनं मात्र मला कधीच काही म्हटलं नाही. एवढंच, की त्यानंतर पुष्कळ दिवस ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती.

आणि वहिनींना कुणीच काही म्हटलं नाही. म्हणजे माफीचंही नाही. "चला, नव्हतं त्या खरवसात काही," एवढं बोलून बायका मोकळ्या झाल्या. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. खिडकी बंद होती. कडी वाजवायला हात उचलला आणि दोन्ही वेळा परत आले.

कोजागिरीला भुलाबाईचा शेवटचा दिवस. त्या संध्याकाळी सगळ्या आळीतून फिरायचं असतं, एकही घर गाळायचं नसतं. वहिनींच्या दारापाशी आमची पावलं आपोआप अडखळली. पण दार उघडं होतं. त्या दारातच उभ्या होत्या.

"या ना गं," त्या म्हणाल्या.

अंगण सारवलेलं होतं. आम्ही फेर धरला, गाणी म्हटली. त्या फेरात आल्या नाहीत, भिंतीशी उभ्या राहून ऐकत होत्या. गाणी संपली. त्या आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. त्या शनिवारचाच, पितळी, घट्ट झाकणाचा. त्यांनी हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. आवाज नाही.

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. हलवा? वड्या? सांजा? त्या मान हलवत राहिल्या. छबी, अजून जरा रोडच, पण डोळ्यांत चमक आलेली, एकदम ओरडली, "खरवस!"

पमीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. वहिनी हसल्या, पण ते हसू ओठांच्या पलीकडं गेलं नाही.

"नाही गं राणी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तू नाही सांगत काही?"

मी पुढं झाले. "हातात देता?"

त्यांनी दिला. मी हलवला नाही. नुसता तळहातांवर धरला आणि मला कळलं.

"रिकामा आहे," मी म्हणाले.

वहिनींनी झाकण काढलं. डबा घासूनपुसून लख्ख होता. तळाशी आमचे चेहरे दिसत होते.

"ओळखलंस," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तीनदा चूल पेटवली गं मी. साखर काढली, रवा काढला आणि परत ठेवून दिला. माझ्या हातचं पुन्हा कुणाच्या लेकराच्या तोंडात घालायचं धाडसच होईना. मला भीती वाटते."

माझी भीती त्या दिवशी डॉक्टरच्या टेबलावर ती पुडी ठेवली तेव्हाच संपली होती, मी आपली मोकळी झाले होते. ती गेली कुठं याचा मी विचारच केला नव्हता.

दिवाळीनंतर कंडक्टरची बदली झाली आणि ते बिऱ्हाड हललं. या गोष्टीला आता छत्तीस वर्षं झाली. खिरापत ओळखण्यात मी तेव्हाही ढ होते आणि नंतरही ढच राहिले. आयुष्यात मी बरोबर ओळखलेली खिरापत ती एकच.